चावीवाल्या सासूचा ब्लॉग

किस्से कोणी जमवायला बसत नाही. राईस मिलमध्ये माणूस तांदूळ आणायला जातो आणि डोक्यावर कोंडा घेऊन परत येतो, तसं होतं ते. आमगावला माझ्या घरी दुपारी आम्ही तिघी ब्लॉग वाचायला बसायचो, ज्ञान मिळावं म्हणून. किती मिळालं ते विचारू नका!

कॉम्प्युटर माझ्या लेकीचा. ती नोकरीला नागपूरला गेली आणि तो माझ्याकडे राहिला. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले धानाच्या पोत्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून. त्यापुढे हा डबा काय चीज! वाचायची मी, ऐकायच्या शेजारच्या दोघी: भाविक सखूबाई आणि कडक कमलाबाई.

*

पहिल्याच दिवशी एका ब्लॉगवर देवीचा फोटो निघाला. सखूबाई घरी पळाली, हळदीकुंकू घेऊन आली आणि थेट मॉनिटरला लावलं! पुसूही देईना. मी बौद्ध बाई. नंतर धम्मावरचा लेख उघडला, तरी कोपऱ्यात कुंकू!

*

एकदा कोणा तरुणाचा लेख सापडला, 'देव नाही'. मी दोन ओळी वाचल्या आणि लाइन गेली.

"घ्या!" सखूबाई म्हणाली.

"अवो, लोडशेडिंग हाये. रोज याच टाइमले जाते."

"मंग टाइमटेबल कोन बनवते?"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळी आरतीचा ब्लॉग लावला. लाइन गेली. मी म्हटलं, "आता बोला!"

"त्याले आपला आवाज पसंत नाही आला," सखूबाई म्हणाली. या बाईला हरवणं शक्य नाही!

*

मग सापडली नाव न सांगता लिहिणारी एक सून. लिहायची झकास! तिच्या सासूनं फ्रिजला कुलूप लावलं होतं आणि चावी मंगळसूत्रात ओवली होती. 'सासूबाई वाकल्या की चावी वाजते आणि मला दही आठवतं,' असं लिहिलं होतं तिनं.

वाचता वाचता मी मान वर केली. कमलाबाईच्या गळ्यात चावी लोंबत होती!

सखूबाईनं पदर तोंडात कोंबला. कमलाबाई मात्र संतापली, "कोन हाये हे चुडैल? सून म्हंजे लेक असते! आन हे बाई तिले दही खाऊ देत नाही? मायासमोर आना तिले!"

रागानं ती पुढे वाकली. चावी वाजली.

*

चार दिवसांनी कमलाबाईची सून संगीता मला बाजारात भेटली. शिवणक्लासच्या बाजूला सायबर कॅफे होता, तिथे बसून तीच तो ब्लॉग लिहायची. चेहरा उतरलेला.

"मावशी, आई घरी येऊन माझंच लिहिलेलं मला सांगतात. त्यांना कळलं तर क्लास बंद, लिहिणंही बंद. ते वाचू नका ना त्यांच्यापुढे."

मी म्हटलं, "तू लिही, मी सांभाळते. फक्त जरा मोठं लिहीत जा, पाच मिनिटांत संपून जाते!"

*

मी सांभाळायचं ठरवलं खरं, पण कमलाबाई ऐकेल तर ना! आली की पहिलं वाक्य, "त्या पोट्टीचं काही आलं का?"

एकदा टाळायला म्हणून पुस्तकांचा ब्लॉग काढला. एका साहेबांनी लिहिलं होतं, 'ही पाचशे पानांची कादंबरी मी एका बैठकीत संपवली.'

कमलाबाईनं विचारलं, "मंग याचा स्वयंपाक कोन करून राहिलं होतं?"

मी तसंच टाइप केलं. उत्तर आलं, 'आई.'

मी लिहिलं, 'मग त्यांनाही विचारा, कशी वाटली कादंबरी?'

त्यानं माझी कमेंटच उडवली. म्हणजे आईला विचारलं असणार!

*

शेवटी कमलाबाई हट्टालाच पेटली. "त्या पोट्टीले माया निरोप लिही. खाली माया नाव टाक, मी कोनाले भेत नाही." मी लाख टाळलं, पण ती खुर्ची सोडेना. लिहिलं: 'पोरी, अशा घरात कायले राहतेस? आमगावले ये. मी सुनेले लेकीसारखी ठेवतो. कमलाबाई.'

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. 'मावशी, नक्की येते. पण तुमच्या फ्रिजला कुलूप नाही ना?'

ओघात मी ते मोठ्यानं वाचून बसले! सखूबाईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. कमलाबाईचा हात हळूहळू गळ्याशी गेला. तिनं चावी मुठीत धरली. मला वाटलं, संपलं. गेला संगीताचा क्लास.

"लिही," ती म्हणाली. "कुलूप हाये. पन ते आमच्या सुनेसाठी. तू येशील त्या दिवशी उघडं ठेवतो!"