बर्फाला निघण्याआधीचा कौल

मालवणातली थंडी म्हणजे पहाटे दोन तास खांद्यावर पंचा. तेवढ्या अनुभवावर मी आणि शाळेतल्या दोन सहशिक्षकांनी, साठ-एकसष्टच्या सुमारास, नाताळची सुट्टी कुमाऊंच्या डोंगरात घालवायचं ठरवलं. देवदारांच्या रानात एक डाकबंगला होता, दारापर्यंत बर्फ येतो म्हणे. तो मिळाल्याचं पत्र आलं आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना हिमालय शिकवला, तोही फळ्यावर खडूने काढून. स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पत्र वाचून त्यांनी सरळ विचारलं, "माका वांगडा नेतलस मा रे?"

मी "बघूया" म्हणालो. त्यांनी तो होकारच धरला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ सुरू झाली. कुठून तरी रेल्वेचं वेळापत्रक मिळवून गाड्या कुठे बदलायच्या ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं. शेजारच्या ख्रिस्ती बाईंचे यजमान बोटीवर नोकरीला होते. त्यांचा जाड लोकरी कोट वडिलांनी मागून आणला आणि भर उन्हात तो घालून ओटीवर घाम गाळत बसू लागले. "सवय होवक व्हयी," म्हणत.

मला ते बरोबर नको होते. लिहायला लाज वाटते, पण कारण एवढंच की सोबतचे दोघे पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, आणि वडील गाडीत भेटेल त्याला "खंयचे तुमी?" म्हणून गप्पांना बसणारे. चार दिवसांत आपली मास्तरकी उतरेल अशी मला भीती. तोंडावर नाही म्हणायची मात्र छाती नव्हती.

आमच्याकडे लांबच्या प्रवासाआधी ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओले तांदूळ चिकटवतो. उजवीकडचा आधी पडला तर जा, डावीकडचा पडला तर राहा. मी एकटाच देवळात गेलो आणि माझ्यापुरता कौल घेतला. तो उजवा मिळाला. घरी येऊन सांगितलं, "बाबा, देवान माका उजवो दिल्यान. तुमका डावो."

वडिलांचा कौल मी लावलाच नव्हता.

त्यांनी अंगातला कोट काढला, झटकला आणि मला घालून बघायला लावला. बाह्या जराशा आखूड झाल्या.

बर्फ पाहिला. शुद्ध बोलणाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्ते काढले आणि सुट्टी संपेपर्यंत खाली ठेवले नाहीत. परत आल्यावर मी नारळ घेऊन देवळात गेलो. गुरव म्हणाला, "तू कौल घेवन गेलस त्याच सांजेक तुझे वडील इले होते. आपलो कौल नीट पडलो मा, म्हणान इचारूक. मी म्हटलंय, तुमचो लावलोच नाय. तर म्हणाले, माझ्या झिलाक ह्या सांगू नको. मगे तू सुखरूप येवचस म्हणान माका देवाक गाऱ्हाणा घालूक लावल्यानी."

म्हणजे निघायच्या दिवशी तो कोट माझ्या अंगावर चढवून, स्टँडपर्यंत ट्रंक उचलून मला पोचवायला आले, ते सगळं ठाऊक असताना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी जाऊन कबूल करणं काही माझ्याच्याने झालं नाही. आज उद्या करता करता वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी मी तोच बंगला पुन्हा मिळवला, दोघांपुरता. पत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाबा, औंदा आपण दोघाच जावया."

त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घालून मला परत दिलं. रागावले असते तर मी तिथेच पाय धरले असते.

"माका नको रे," ते म्हणाले. "माका देवान डावो दिल्यान मा."