बाटलीमामा

बाटलीमामांनी ती लहानशी बाटली कधी पिशवीत टाकली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यायचे. नांदेडच्या एका छोट्या दवाखान्यात ते ड्रेसिंग करायचे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा औषधाच्या बाटलीत घालून देत; ती तपासणीसाठी लॅबला पोचवायचं काम नातेवाइकांचं. पण "कापलेलं बोलतंय, ऐकणाऱ्यापाशी न्यावं लागतंय," म्हणत मामाच निघायचे.

माझ्या ऑपरेशनच्या दिवशी नेमके ते रजेवर होते. आठवीतून शाळा सोडून मी बंगळूरला फरशी बसवायला गेलेलो. खांद्यावर कातडीखाली बोराएवढी गाठ आली, वाढत पेरूएवढी झाली. चरबीची असेल, सगळेच म्हणाले. नांदेडला येऊन काढली, अन् बाटली आईच्या हातात आली. किनवटकडच्या आमच्या गावात अंगातून निघालेलं घेऊन कोणी फिरत नाही, मातीला देतात. आईनं बाटली दवाखान्यामागं पुरली आणि माझ्या उशाशी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना मामांनी विचारलं, "लॅबची पावती कुठाय, अक्का?"

आई रडायलाच लागली. "मला काय कळतंय भाऊ? मेलेलं मांस ते."

"खड्डा लई खोल न्हाई ना केला?" एवढंच म्हणून मामा खुरपं शोधायला गेले.

झाकण घट्ट होतं. औषधात तुकडा जसाच्या तसा. नांदेडच्या लॅबला उलगडा होईना, म्हणून तो पुढं लातूरला गेला. मी रोज मामांना फोन करून छळायचो. ते म्हणायचे, "उशीर म्हंजी वाईट न्हाई बाबा. उशीर म्हंजी नीट बघायलेत."

चरबी नव्हतीच. क्वचित कुणाला होणारा ट्यूमर. जरा जरी मागं राहिला तरी परत येणारा. पुन्हा रुंद, खोल कापावं लागलं. बाटली मातीतच राहिली असती, तर मी बरा झालो समजून कामावर गेलो असतो.

अजून दर सहा महिन्यांनी दाखवायला येतो. गाडीत बसल्यापासून बोटं खांदा चाचपत राहतात. यंदा ड्रेसिंगच्या खोलीत मामा नव्हते. "मागच्या महिन्यात गेले," सिस्टर म्हणाल्या. बाकड्यावर बसलो तो उठवेना. डॉक्टरांनी तपासून "काही नाही" म्हटलं, तेही धड ऐकलं नाही.

बाहेर एक म्हातारी बाटली अंगापासून लांब धरून उभी होती. "हे कुठं टाकू रं बाबा?"

गाडीला तासच उरला होता.

"टाकायचं न्हाई, आजी. द्या इकडं."

दोन्ही हातांनी छातीशी धरली. लॅबची पावती आणून आजींच्या हातात दिली, मगच स्टेशनकडं निघालो.