काय, कुठं, किती वाजता

मधुभाऊ मोबाइलवर काहीही टाकण्याआधी उभे राहायचे. बसून त्यांना आवाज लागत नसे. लोधीपुऱ्यातल्या आपल्या ओट्यावर उभं राहून, डावा हात कानामागे धरून, ते सगळा मजकूर मोठ्यानं वाचत. समोर भाजीवाला असो नाहीतर म्हैस असो. वाचून झालं की विचारत, "समजलं का?" भाजीवाला हो म्हणाला तर बटण दाबत. म्हशीला विचारत नसत, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता.

हे साध्या पोस्टचं. एखाद्या माणसाबद्दल काही लिहिलेलं असेल तर नियम निराळा. त्या माणसाच्या दारात जायचं आणि त्याच्या तोंडावर ते वाचायचं. त्यानं मान हलवली तर पोस्ट जाणार, नाहीतर नाही. मुलांना वाचायला लावणाऱ्या दोन-तीन संस्थांची सोशल मीडियाची कामं ते घरबसल्या करत. त्या संस्थांच्या शहरातल्या कार्यालयांना हा नियम सांगितला की तो पुन्हा एकदा सांगा, असं फोनवर म्हणत.

मुळात ते भोंगेवाले. रिक्षावर भोंगा बांधून त्यांनी उभं आयुष्य बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांतून काढलं. सर्कस, साड्यांचा सेल, नळाला पाणी येणार नसल्याची खबर, हरवलेलं पोर. पुढे आवाज पेन ड्राइव्हमध्ये मिळायला लागला आणि भोंगेवाल्याची गरज सरली. मुलीनं हातात मोबाइल दिला. दापोरा, बहादरपूर अशा गावांत मुलांसाठी वाचनखोल्या चालवणाऱ्या एका संस्थेला आपलं पान सांभाळायला स्थानिक माणूस हवा होता. "फ्रीलान्स म्हणजे काय, माहीत आहे ना काका?" असं संस्थेच्या कार्यालयातल्या मुलीनं विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "रिक्षा आपली, भोंगा आपला, गिऱ्हाईक रोज नवं. जिंदगीभर तेच करून राह्यलो, बेटा."

आवाजाचा गर्व मात्र भारी. खिशात कायम ज्येष्ठमधाच्या काड्या. थंड पाणी वर्ज्य. लग्नात कोणी दुसरा माइकवर बोलला की हे तोंड फिरवून बसत आणि "श्वास चुकला," एवढंच बायकोला, निर्मलावहिनींना, ऐकू जाईल असं म्हणत.

मी शाळेतून निवृत्त झालो होतो. मजकूर लिहायला कोणीतरी हवं म्हणून त्यांनी मला गाठलं. पहिलाच मजकूर मी मोठ्या हौसेनं लिहिला. बालमनांच्या क्षितिजावर ज्ञानाची पहाट वगैरे उगवून झाली होती. मधुभाऊंनी तो ओट्यावरून खणखणीत वाचला. भाजीवाल्यानं हातातली मेथी खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, काय विकून राह्यले?"

मधुभाऊ माझ्याकडे वळले. "मास्तर, झालर हटाव, कपडा दिखाव. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून बघते का नाही? धरू द्या त्याले. जाहिरातीत तीन गोष्टी लागतात. काय, कुठं, किती वाजता. बाकी सगळी झालर."

बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाचं हे साहित्यशास्त्र. मी बरीच जाडजूड साहित्यशास्त्रं वाचली आहेत. त्यांतलं एकही भाजीवाल्यापुढे टिकलं नसतं.

पोस्टला मिळणाऱ्या अंगठ्यांचा त्यांना राग होता. "वाचनाच्या कामाले लोक अंगठा लावून राह्यले, कमाल हाय!" मग ते अंगठा देणाऱ्यांना तिथेच पोस्टखाली झापत: 'अंगठा मिळाला. पुस्तक कधी आणता?' वाहवा करायला आलेले सद्‌गृहस्थ नंतर त्या पानाकडे फिरकत नसत.

त्यांच्या नियमाची खरी कसोटी लागली ती पायलच्या पोस्टवेळी. पायल दापोऱ्याची, अकरा-बारा वर्षांची. आईबाप दोघंही केळीच्या कामावर. वडील ट्रक भरायला, आई सुनीता घड कापणीला. ही पोरगी वाचनखोलीतली सगळ्यात खादाड वाचक, त्यातही भुताखेतांची. संस्थेच्या देणग्यांच्या वार्षिक आवाहनासाठी कार्यालयानं तिची निवड केली आणि मजकूर तिथूनच लिहून आला. 'अंधाऱ्या झोपडीत, जिथे अक्षराचा स्पर्शही कधी झाला नाही, तिथे एक कळी उमलण्याची वाट पाहते आहे.' सोबत फोटो. त्यात पायल कुठेतरी दूर, खिन्न नजरेनं बघत होती. वस्तुस्थिती अशी की तिला हवं असलेलं पुस्तक त्या दिवशी दुसऱ्या मुलीनं नेलं होतं आणि ती रुसली होती.

कार्यालयातल्या मीनल मॅडमचा फोन आला. "काका, यावेळी जरा समजून घ्या. या आवाहनावर दापोऱ्याचं पुढचं वर्ष आहे. ते चाललं नाही तर खोलीला नवी पुस्तकं मिळणार नाहीत. कदाचित खोलीही..." बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या वर बसलेलं कोणीतरी त्यांच्याकडे झालर मागत होतं.

आम्ही दापोऱ्याला गेलो. सुनीता अंगणात कपडे घासत होती. केळीचा चीक एकदा लागला की जन्माचा, तरी घासत होती. पायल बाजेवर पालथी पडून वाचत होती. मधुभाऊ उभे राहिले, हात कानामागे गेला, आणि त्यांनी मजकूर वाचला. पण त्या दिवशी आवाज इतका खाली की मलाच पुढे सरकावं लागलं.

"झोपडी कुठं वो भाऊ?" सुनीता हसली. "पत्रे हायेत ना वर."

"बदलून घेऊ."

"राहू द्या. झोपडी म्हटल्यानं पुस्तकं येत असतीन तं झोपडी म्हना. कोन पाह्यला येऊन राह्यलं? संस्थेच्या कागदावर सही तं मी कवाच देली."

मला हायसं वाटलं. प्रश्न मिटला असं समजून मी चपला शोधायला लागलो. पण बाजेवरून आवाज आला, "अक्षराचा स्पर्श नाही म्हणजे?"

मधुभाऊ म्हणाले, "म्हणजे घरात कोणाले वाचता येत नाही."

"मम्मी केळीचे भाव वाचते ना मोबाइलवर. पप्पा ट्रकच्या मागचं सगळं वाचतात, शायरीपण." मग थोडं थांबून, "हे शाळेतल्या पोरी देखतील?"

"देखतील."

पायल उठली. रडली वगैरे नाही. हातातलं पुस्तक मिटून तिनं मधुभाऊंपुढे धरलं. "मग हे जमा करा. मी उद्यापासून येत नाही."

"येडी झाली का?" आई ओरडली. "भाऊंचं काम हाय ते! तुह्यापायी साऱ्या पोरांचं नुकसान करतं का?"

मधुभाऊंनी पुस्तक घेतलं. पानांच्या कोपऱ्यांवर चिकाची तपकिरी बोटं उमटली होती. पहिल्या पानापासून निम्म्यापर्यंत. त्यांनी विचारलं, "वाचून पुरं झालं?"

"नाही. भूत आत्ताच विहिरीतून निघालंय."

"मग मी जमा करून घेत नाही." आणि पुस्तक तिच्या हातात परत देऊन ते अंगणाच्या टोकाला गेले. तिथून त्यांनी मीनल मॅडमना फोन लावला.

"पोरीनं मना केलं, मॅडम."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पण काका, आईची सही आहे आपल्याकडे."

"सही आईची हाय. गोष्ट पोरीची हाय."

"मग दापोऱ्याचं काय करायचं, तुम्हीच सांगा."

मधुभाऊंनी फोन कानावरून काढला आणि ते खिशातली ज्येष्ठमधाची काडी शोधू लागले.

परतीच्या रस्त्यावर मी म्हणालो, "मधुभाऊ, एका मुलीच्या रुसव्यासाठी तीस पोरांच्या पुस्तकांवर पाणी सोडलंत. आई तरी शहाणी होती."

दोन्ही बाजूंना केळीचे मळे सरकत होते. मधुभाऊ म्हणाले, "मास्तर, भोंग्यावर मी पक्का रंग म्हणून साडी विकली आणि रंग गेला, तं दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून मलेच जायचं असे. बाया बादलीभर पाणी घेऊन उभ्या राहत. या मोबाइलवाल्यांले गल्ली नसते. मले हाय."

"आणि खोली बंद पडली तर?"

"तं तेही माह्याच तोंडावर सांगतील पोरं," ते म्हणाले. या उत्तरानं त्यांचंही समाधान झालेलं दिसलं नाही.

संस्थेनं पानाचं काम मधुभाऊंकडून काढून घेतलं आणि एका एजन्सीला दिलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा मुलाचा फोटो लागला, आवाहन जोरात चाललं. नव्या पुस्तकांच्या खोक्यांतलं एकही दापोऱ्याला आलं नाही. पोरं तीच ती पुस्तकं उलटीसुलटी वाचत होती. पायल मात्र येत होती, आणि "भुताचं नवीन काही?" असं दर खेपेला विचारून, काम गेलं तरी खोलीवर जाणाऱ्या मधुभाऊंचा जीव खात होती.

शेवटी एका मंगळवारी ते तिच्यासमोर बसले. म्हणाले, "तूच सांग काय लिहायचं. मास्तर लिहून घेतील."

तिनं सांगितलं, मी उतरवलं: 'दापोऱ्याच्या वाचनखोलीत भुताची पुस्तकं संपली. होती ती सगळ्यांची वाचून झाली. तुमच्याकडे असतील तर आणून द्या. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता खोली उघडी असते.'

"सुरुवातीला 'जिज्ञासू बालवाचकांच्या' असं..." मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी पेनाला टोपण लावलं.

मधुभाऊंनी उभं राहून ते तिच्या तोंडावर वाचलं. तिनं न्यायाधीशासारखी मान हलवली. पोस्ट त्यांच्या स्वतःच्या पानावरून गेली. तेवढ्यावर विश्वास नव्हता म्हणून त्यांनी माळ्यावरचा भोंगा काढला, पुतण्याच्या रिक्षाला बांधला आणि लोधीपुऱ्यापासून बहादरपूरपर्यंत तोच मजकूर म्हणत फिरले. घसा बसला. खूश होते.

पुस्तकांचा ढीग आला नाही. पण पुस्तकं येत राहिली. कागद गिरणीतल्या एका निवृत्त माणसानं गोणीभर आणली. एकानं गेल्या वर्षीची गाइडं दिली. एका काकूंनी जाड पोथी दिली आणि बजावलं, "भुतं नाहीत, पण राक्षस भरपूर हायेत." खोली चालू राहिली. मग अर्थातच एका पुढाऱ्याला तिच्या उद्‌घाटनाची इच्छा झाली. खोली उघडून कैक महिने झाले होते. पण उद्‌घाटनाला तशी अट नसते. बॅनर खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाहून मोठा ठरला. मधुभाऊंनी निरोप्याला विचारलं, "किती वाजता?"

"साहेब येतील तेव्हा."

"मग याची जाहिरात मले करता यायची नाही," मधुभाऊ म्हणाले. "तिसरी गोष्टच नाही त्यात." उद्‌घाटन बारगळलं.

यंदा उन्हाळ्यात मधुभाऊ गेले. ओट्यावर उभे होते, जरा बसतो म्हणाले, आणि बसले ते बसलेच. तिसऱ्या दिवशी मीनल मॅडमचा फोन आला. रडत होत्या, मनापासून. संस्थेच्या पानावर श्रद्धांजली टाकायची होती. मराठी तेवढं मी तपासून द्यावं, अशी विनंती होती.

मजकूर आला. 'वाचनसंस्कृतीचा दीपस्तंभ विझला. बालमनांचा थोर शिल्पकार अनंतात विलीन.' व्याकरण निर्दोष होतं. तपासण्यासारखं काही नव्हतं. पण मी तो कागदावर उतरवला आणि मधुभाऊंच्या घरी गेलो.

निर्मलावहिनी त्यांच्या सदऱ्यांच्या खिशांतून ज्येष्ठमधाच्या काड्या काढून वाटीत जमवत होत्या. सुनीता आणि पायल भेटायला आल्या होत्या. पायल आता चांगली उंच झाली आहे. मी दारातच उभा राहिलो. कोणाच्या तोंडावर वाचायचं, हा प्रश्न होता. ज्याच्याबद्दल होतं तो नव्हता. मी वहिनींकडे पाहून वाचायला लागलो.

पहिलं वाक्य संपलं तशी त्यांनी मान वर केली. "हे कोण वारले?"

सुनीतानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. पायल म्हणाली, "मास्तरकाका, झालर."

मी कागद उलटा केला आणि भिंतीला टेकवून लिहिलं. मग पुन्हा वाचलं.

'लोधीपुऱ्याचे मधुभाऊ भोंगेवाले गेले. दापोऱ्याची वाचनखोली मंगळवारी चार वाजता उघडेल.'

"शुक्रवारीपण," पायल म्हणाली. "चावी माझ्याकडे आहे."

मी तेवढं वाढवलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. यावेळी जरा मोठ्यानं, ओट्यापर्यंत जाईल असं. वाचून झाल्यावर विचारलं, "समजलं का?"

वहिनींनी वाटीतली एक काडी उचलून माझ्या हातावर ठेवली. "आवाज बसला तुमचा," त्या म्हणाल्या, आणि मान हलवली.