बेडकाची सर्दी

नाशिकला थंडी पडू लागली, तसे शेजारचे अप्पा परसातलं छोटं कमळतळं उपसायला बसले. लेकीचे सासू-सासरे येणार होते आणि पाण्याला वास येत होता. पाणी गेलं, तेव्हा तळच्या गाळात दोन-तीन बेडूक निपचित पडलेले दिसले.

“अहो, गाळ काढू नका,” त्यांच्या पत्नी सुमनताई मागच्या दारातून म्हणाल्या. “थंडीभर ते त्यातच राहतात. उघड्यावर मरतील.”

“बेडकाला सर्दी होईल म्हणतेस?”

“थट्टा पुरे. हात लावून बघा.”

अप्पांनी एक बेडूक तळहातावर घेतला. अंग गार होतं. गळ्याखालची कातडी मात्र अगदी सावकाश हलत होती. अप्पा हसायचे थांबले.

न होणाऱ्या गोष्टीची टिंगल करायला आपण बेडकाची सर्दी शोधली. पाण्यातल्या जिवाला कसली आली थंडी, असं आपल्याला वाटतं. पण ज्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, त्याला ती चिखलाकडून घ्यावी लागते. चिखलही ती देतो.

अप्पांनी बेडूक गाळात ठेवला, वर वाळलेली पानं पसरली आणि नळाचं पाणी बारीक सोडलं.

“आणि व्याही वासाला नावं ठेवतील ते?” सुमनताईंनी विचारलं.

“त्यांना पुढच्या अंगणात बसव,” अप्पा म्हणाले. “चहात आलं जास्त घाल.”