वस्तऱ्याखालची सुलतानी

निजामाच्या अमदानीत बेंबळीच्या बाजारात लिंबाखाली एक न्हावी बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यावर वस्तरा असताना माणूस फार चौकशा करत नाही.

संकटांचे प्रकार त्याला तोंडपाठ होते. गारपीट, टोळधाड, पटकी ही देवानं धाडलेली, म्हणजे आस्मानी. त्यांच्यावर बोलताना तो वस्तरा आभाळाकडं नाचवत देवाला मोकळ्या तोंडानं शिव्या द्यायचा. देव काही चौकीवर तक्रार करायला जात नव्हता. लेव्हीची ज्वारी, वेठबिगार, रझाकार ही सरकारनं लादलेली, म्हणजे सुलतानी. ती निघाली की तो कानाशी वाकून कुजबुजायचा आणि वस्तरा नेमका नरड्यावर टेकायचा. म्हणून गिऱ्हाइकं आपणहून गारांचा विषय काढायची.

एकदा गावाकडून वसूल केलेली लेव्हीची ज्वारी चावडीपुढं उघड्यावरच पडून राहिली. अवकाळी पाऊस झाला आणि पोत्यांतून हिरवे कोंब निघाले. मला राहवलं नाही. दाढी करून घेताना विचारलं, "ही कंची म्हणायची? आस्मानी का सुलतानी?"

तो कानाशी वाकला. "पाऊस आस्मानी. पर आपल्या घरातली ज्वारी उचलून पावसात कुणी ठिवली?"

तेवढ्यात समोरून पोलीस जवान गेला. न्हावी दचकला, वस्तरा सटकला आणि माझी हनुवटी कापली.

तुरटी चोळत मी ओरडलो, "आन् ही कंची?"

"ही तुमची तुमी वढवून घेतली," पुन्हा फेस लावत तो म्हणाला. "वस्तऱ्याखाली बसून सरकारचं कशाला इचारायचं? गारांचं इचारावं."