खोट्याचं बारसं

शिंदखेड्याच्या बाजूला एका गावात झिपरू दवंडी पिटायचा. अंगाने चिपाड, पण वेशीजवळ त्याने "आयका हो आयका!" म्हटलं की मळ्यातले बैल कान टवकारायचे. देवीची लस टोचायला माणूस येणार असो नाहीतर पंचायतीची सभा, झिपरूने सांगितलं म्हणजे झालं. कुणी चुकून "खरं का रे?" विचारलं तर गडी भडकायचा. "मी काय पोपटवाला शे का? जे शे ते सांगस!" स्वतः बघितल्याशिवाय डफाला हात लावायचा नाही, हा त्याचा खाक्या. एकदा पाटलांनी म्हैस हरवल्याची दवंडी द्यायला सांगितली, तर हा पठ्ठ्या आधी गोठ्यात डोकावून आला. म्हैस तिथेच रवंथ करत होती!

चोपन्न साली कपाशी वेचून हात मोकळे झाले, तेव्हा धुळ्याच्या मोतीलालशेठचा तंबू-सिनेमा गावात आला. खेळ देवादिकांचा. पडद्यावर देव आले की बायका बसल्या जागी हात जोडायच्या. दवंडीचं काम झिपरूला मिळालं, आणि बदल्यात त्याला नि त्याच्या बायकोला, कमलबाईला, रोज पुढच्या खुर्च्या. सगळं गाव खाली मातीत आणि आपण खुर्चीवर! कमलबाई पदर सावरून अशी बसायची, जणू देवांना तिनेच आवतण धाडलंय.

आठवडा झाला तसा शेठ म्हणाला, "आज शेवटचा खेळ म्हणून सांग." शेठच्या शब्दावर झिपरूने गल्लीगल्लीत सांगितलं. लोक हातातली कामं टाकून धावले. सकाळी बघतो तर तंबू जागच्या जागी. "मुक्काम वाढला," शेठ म्हणाला, "आज मात्र शेवटचा." झिपरूने पुन्हा सांगितलं, मुक्काम पुन्हा वाढला. असं होता होता झिपरू दिसला की लोक हसायला लागले. "शेवटना खेळ उना रे भो!" तोही हसण्यावारी न्यायचा.

मग एक दिवस पंचायतीने पाणी शुद्ध करायला विहिरीत लाल औषध टाकलं. झिपरूने काठावर उभं राहून दवंडी दिली, "आज हाई पानी कोणी भरानं नही!" धुरपदाबाईने बादली सोडता सोडता विचारलं, "आज का, शेवटना आज?" बायका फिदीफिदी हसल्या आणि पाणी भरून घरी गेल्या. दुपारी गावभर लालसर वरण शिजलं. कुणाला काही झालं नाही, उलट गाव आठ दिवस हसलं. झिपरूला मात्र पुढचं दिसलं. आज औषध होतं. उद्या नदीला पूर आला आणि आपण बोंबललो, तरी ही माणसं अशीच हसत बसतील!

तो तडक शेठकडे गेला. शेठ समजुतीने म्हणाला, "अरे झिपरूभाऊ, जमाना बदलला. याला खोटं म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात."

"म्हंजे खोटानं बारसं करं का तुम्हीन?" झिपरूने विचारलं. शेठ पोट धरून हसला. झिपरू हसला नाही.

त्या संध्याकाळी त्याने चावडीपासून तंबूपर्यंत डफ बडवला. "आयका हो! आज शेवटना खेळ नही. काल बी नव्हता. ज्या दिन खरा शेवटना व्हई, त्या दिन मी सांगसू!" शेठने खुर्च्या तिथल्या तिथे काढून घेतल्या. कमलबाई सगळ्यांदेखत मातीत बसली. "बरं झालं," ती मोठ्याने म्हणाली, "त्या खुर्चीले खटमल व्हतात." झिपरूला तेव्हा ती नव्या नवरीपेक्षाही आवडली.

शेवटच्या खेळाची घाई कुणाला उरली नाही, तसा धंदा मंदावला. शेठ नाक मुठीत धरून झिपरूकडे आला, "उद्या पिंपळनेरला जातोय, आईची शपथ." झिपरूने आधी सामान न्यायला ठरवलेल्या बैलगाड्या बघितल्या, गाडीवानांना विचारलं, मगच दवंडी दिली. "आज शेवटना. मी सांगस!" काय गर्दी उसळली म्हणता! तंबू फुगला, उरलेली माणसं बाहेरून कनातीच्या फटीला डोळे लावून बसली. झिपरू दाराशी उभा राहून एकेक तोंड बघत होता. गावाने आपल्याला परत घेतलं, एवढंच त्याच्या मनात येत होतं.

सकाळी शेठने गाडीवानांना परत धाडलं. "एवढी गर्दी सोडून कोण जातं? आणखी एकच दिवस!"

झिपरू तंबूच्या पहिल्या खुंटीपाशी गेला, उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी ती हलवायला लागला. खुंटी निघाली तसा दुसरीकडे वळला. शेठ धावत आला. त्याचा आरडाओरडा ऐकून विहिरीवरून येणाऱ्या बायका थांबल्या.

"काय करी राह्यना रे झिपरू?" धुरपदाबाईने विचारलं.

"मी काल शेवटना सांगेल शे," तो मान वर न करता म्हणाला.

बाईने डोक्यावरचा हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि तिसरी खुंटी धरली. मागोमाग बाकीच्या आल्या.

"अहो बाई, तंबूचा मालक मी आहे!" शेठ ओरडला.

"तंबू तुमना व्हई शेठ," ती खुंटी हिसडत म्हणाली, "पन दवंडी गावनी शे."