नाव नसलेली बटणं

माझे दीर नेवाशात तहसील कचेरीच्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतात. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, कॉलेजचे प्रवेश, सगळं. मी वेबसाइट बनवते. पुण्याच्या एका कंपनीचं काम माडीवरच्या खोलीत बसून करते. लग्न होऊन या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली आणि त्यातली निदान दहा वर्षं आम्ही दोघं एकाच विषयावर भांडत आलोय: ब्राउझर कोणता वापरावा.

लोकांना हे भांडण कळतच नाही. मोबाईलमध्ये जो येतो तो ब्राउझर, त्यात काय निवडायचं? पण मी हट्टानं वेगळा वापरायची. फारसं कुणी वापरत नाही असा, पण नियमानं चालणारा. एकदा दिरांच्या दुकानात डबा द्यायला गेले, तर तिथल्या तीन कॉम्प्युटरवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एकावर ‘विम्यासाठी हा’. दुसऱ्यावर ‘दाखल्यासाठी हा’. तिसरं मशीन जुनाट, त्यावर ‘अपडेट करू नये, हात लावू नये’.

“भाऊजी, हे काय आहे?”

“अनुभव आहे, वहिनी. एक साइट फक्त त्या जुन्या ब्राउझरमध्येच चालते.”

“मग ती साइट बिघडलेली आहे. पानं कशी लिहायची याचे नियम ठरलेले आहेत. जगभरच्या लोकांनी बसून ठरवलेत. ते पाळले की कुठल्याही ब्राउझरमध्ये पान चालतं.”

“असेल. पण समोर माणूस उभा आहे, कुकाण्याहून आलाय. त्याला नियम देऊ का दाखला देऊ?”

यावर मी आवाज चढवायची. “तुम्ही सगळे एकच ब्राउझर वापरता, म्हणून साइट बनवणारे बाकीच्यांचा विचार करत नाहीत.”

“बाकीचे म्हणजे कोण?” ते हसत. “तुम्ही एकट्याच तर आहात.”

घरी जेवताना पुन्हा तेच. माझा नवरा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. तो शांतपणे भाकरी मोडत राही. सासूबाई मात्र दोघांचं नीट ऐकून घेत. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलेलं. भांडणाऱ्या पोरांचं ऐकून घ्यायची सवय. शेवटी म्हणत, “बरं, दोघंही पास. आता कढी घ्या.”

सासूबाईंना वाचनाचं वेड. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या त्या सगळ्यात जुन्या सभासदांपैकी एक. आठवड्याला दोन पुस्तकं, आणि पुस्तक परत करताना ग्रंथपालाला त्याबद्दल चार शब्द सांगितल्याशिवाय त्या काउंटर सोडत नसत. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळला तेव्हा उशीर झाला होता. नगरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, ऑपरेशन केलं, पण उजवा डोळा गेला आणि डाव्यानं बांगडीतून बघावं तेवढंच दिसू लागलं. अक्षर तर अजिबात लागेना.

त्या रडल्या नाहीत. कपाटातली स्वतःची पुस्तकं मात्र शेजारच्या शाळेला देऊन टाकली, आणि ती न्यायला माणसं आली तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसल्या.

मी त्यांच्या मोबाईलमध्ये बोलायची सोय चालू केली. ही सोय असते सगळ्या फोनमध्ये. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन वाचून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. शिकायला त्यांना महिना लागला. पहिले काही दिवस त्या फोनलाच शिकवत होत्या. “पळी नाही रे, पाळी. पुन्हा म्हण.” मी हसले की म्हणायच्या, “हसू नको. मठ्ठ नाहीये तो. त्याला कुणी नीट शिकवलंच नाही.” हळूहळू फोन लावणं, बातम्या ऐकणं, बहिणीला निरोप पाठवणं जमू लागलं. पण पुस्तकांचा विषय त्या काढत नसत.

त्याच वर्षी वाचनालयानं बोलकी पुस्तकं सुरू करायचं ठरवलं. गावातल्या चांगल्या आवाजाच्या लोकांनी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची आणि सभासदांनी ती मोबाईलवर मागवून ऐकायची. दीर वाचनालयाच्या कमिटीवर होते. त्यांनी साइट स्वतः बनवली, महिनाभर दुकान बंद केल्यावर बसून. मला विचारलं नाही. मला ते जरा लागलं, पण खरं सांगायचं तर साइट देखणी होती. पुस्तकांची मुखपृष्ठं ओळीनं मांडलेली; मुखपृष्ठावर टिचकी मारली की पुस्तक आलंच.

उद्घाटनाच्या आदल्या रविवारी ते सासूबाईंच्या शेजारी येऊन बसले. “आई, सगळ्यांच्या आधी तू. हे तुझ्यासाठीच केलंय. आता तुझं पुस्तक तूच मागव.”

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन हातात घेतला. बोट फिरवलं.

“चित्र,” फोन म्हणाला. “चित्र. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. चित्र.”

त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. मग खालून. बोट फिरत होतं आणि फोन तेच म्हणत होता. पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही, काही नाही. जे होतं ते सगळं चित्रात होतं, आणि चित्रातली अक्षरं त्यांच्या फोनला कशी कळणार? दहा मिनिटं गेली असतील. मग त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक. राहू दे.”

मला ते ऐकवलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवून दिलेली ही बाई, आणि न केलेली चूक स्वतःच्या अंगावर घेत होती.

“आई, तुमचं काही चुकलेलं नाही. साइट चुकली आहे.”

दीर चमकले. “चुकली कशी? सगळीकडे चालतेय. दुकानात तिन्ही मशीनवर बघितलीय मी.”

“आईंच्या बोटाखाली नाही चालत, भाऊजी. तुम्ही विचारत होतात ना, बाकीचे म्हणजे कोण? या बघा, शेजारीच बसल्यात.”

बोलायला नको होतं तसं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. चहा न घेताच ते उठले, चपला घातल्या आणि गेले. उद्घाटन झालं, पेढे आले, ते डब्यात तसेच राहिले.

तीन-चार दिवसांनी दुपारी मी पाणी प्यायला खाली आले. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. स्वयंपाकघरात दीर पाटावर बसलेले, डोळ्यांवर पंचा घट्ट बांधलेला, हातात आईचा फोन. बोट फिरवत होते. “बटण, नाव नाही,” फोन म्हणत होता. कपाळावर घाम. मी दारातच थांबले. त्यांना पावलं कळली असावीत.

“कोण? वहिनी?”

“हो.”

“अर्धा तास झाला. मीच बनवलेली साइट आहे आणि मला एक पुस्तक सापडेना.” पंचा सोडून त्यांनी डोळे चोळले. “त्या दिवशी आई किती शांत बसली होती. मी तर फोन आपटायच्या बेतात आलो होतो.” मग म्हणाले, “काय ते नियम असतात, सांगा एकदा.”

मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच आवाज न चढवता. फार अवघड नसतं ते. चित्र टाकलं तर ते कशाचं आहे हे शब्दांत लिहून ठेवायचं. बटणाला नाव द्यायचं. मथळा असेल तर तो मथळा आहे असं सांगायचं, नुसती अक्षरं मोठी करायची नाहीत. एवढं केलं की डोळ्यांनी बघणारा, कानांनी ऐकणारा, जुना फोन वापरणारा, सगळ्यांना पान कळतं.

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगत होते. पण मी बहुतेक ब्राउझरबद्दलच बोलत राहिले.”

साइट नव्यानं लिहायचं काम मी घेतलं. पंधरा दिवस लागले. पाच ब्राउझरमध्ये तपासली, पाचही ठिकाणी नीट. तपासणीच्या सगळ्या कसोट्यांना उतरली. मला फार अभिमान वाटत होता. मी स्वतः सासूबाईंना फोन नेऊन दिला.

फोन वाचू लागला. या वेळी सगळं वाचत होता. “पुस्तक मागवा, बटण.” सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी दोनदा टिचकी मारली. फोन म्हणाला, “कृपया वैध ईमेल पत्ता व संकेतशब्द प्रविष्ट करा. संकेतशब्दात किमान एक विशेष चिन्ह आवश्यक.”

सासूबाईंना हसू फुटलं. “अगं पोरी, बत्तीस वर्षं मराठी शिकवलं मी. हे मराठी कोण बोलतं? आणि माझा ईमेल कुठला?”

ईमेल त्यांनी कधी वापरलाच नव्हता. दुकानात गिऱ्हाइकांना देतात तसा दिरांनी कधीतरी काढून दिला असेल, पण तो कुणाला आठवत नव्हता. मी दिरांकडे बघितलं. आता ते टोमणा मारणार, आणि तो मी निमूटपणे ऐकून घेणार, असं मी ठरवलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, “वहिनी, उद्या दुकानात येऊन बसा. दिवसभर.”

मी बसले. सकाळी नऊपासून स्टुलावर, भिंतीला टेकून. गर्दी नेहमीचीच होती. अकराच्या सुमाराला एक आजोबा आले, प्रवरासंगमच्या बाजूचे. वाचनालयाचे सभासद होते. नजर अधू झालेली. आमची साइट नातवानं उघडून दिली होती, पुढं काही होईना म्हणून फोन घेऊन एसटीनं आले होते.

“म्याडम, ह्यो ईमेल मागतोय. आमाला कुठला आलाय ईमेल?” ते मला म्हणाले. “आन त्यो पासवर्ड ध्येनात ऱ्हात न्हाई. वाचनालयाचं कार्ड हाय माज्याकडं, त्यावर लंबर हाय. त्यो चालंल का?”

त्यांनी कोपरीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. कोपरे झिजलेले, पण नंबर स्पष्ट. मी ते हातात घेतलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. वाचनालयानं माणसाला ओळखायची सोय केव्हाच करून ठेवली होती. मी विचारायलाच गेले नव्हते.

“चालंल की, बाबा,” दीर म्हणाले. “का नाही चालणार? म्याडमच करून देतील.”

त्या दिवशी मी आणखी बरंच पाहिलं. लोक परत फिरायचं बटण सतत दाबतात आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. ‘रद्द करा’ वाचून घाबरतात. लांब यादी सरकवताना अंगठा चुकतो. दीर हे सगळं आधीपासून जाणून होते. प्रत्येक माणसाच्या चुकीसाठी त्यांच्याजवळ एक युक्ती होती आणि एक गोड शब्द होता. इतकी वर्षं मी त्या युक्त्यांना जुगाड म्हणत आले होते.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बसलो. ते सांगत गेले, मी बदलत गेले. ईमेल गेला, पासवर्ड गेला. कार्डाचा नंबर टाकला की झालं. ‘प्रविष्ट करा’ गेलं, ‘लिहा’ आलं. मध्येच एका बटणाच्या रंगावरून आमचं जुंपलं. त्यांना ते भगवं हवं होतं. मी म्हणाले, त्यावरची पांढरी अक्षरं अधू नजरेला दिसणार नाहीत. त्यांनी चष्मा काढून, डोळे बारीक करून, लांबून बघितलं आणि म्हणाले, “खरंय. निळं करा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी पुस्तक मागवलं. आम्ही मुद्दामच खोलीत गेलो नाही. दाराबाहेर उभे राहिलो, मी आणि दीर, परीक्षेच्या निकालाला थांबावं तसे. आतून फोनचा आवाज येत होता. कार्डाचा नंबर त्यांनी मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिला. तो त्यांना पाठ होता. मग एका बाईचा खणखणीत आवाज सुरू झाला, “प्रकरण पहिलं.”

दिरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन त्यांनी गाडी उगाचच पुसायला घेतली.

सासूबाईंनी ते पुस्तक पाच दिवस ऐकलं. भाजी निवडताना, केस विंचरताना, उन्हात पाय शेकताना. कुणी मध्ये बोललं की हात वर करायच्या. संपलं त्या दिवशी मला म्हणाल्या, “मला वाचनालयात ने. ही वाचणारी बाई कोण आहे ते बघायचंय.”

गेल्या दोन वर्षांत त्या तिथं गेल्या नव्हत्या. स्कूटीवर मागं बसवून नेलं, पायऱ्यांवर हात धरला. ग्रंथपालानं चौकशी करून सांगितलं की ती बाई एसटीत कंडक्टर आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन रेकॉर्डिंग करते, आणि आज सुट्टीच आहे, आतच बसली आहे. मग ती बाहेर आली. चाळिशीची, उंच, अंगावर साधी साडी. गाडीत साठ माणसांवर आवाज टाकणारी बाई आमच्यासमोर मात्र अवघडून उभी राहिली.

सासूबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. तिनं तो धरला.

“तू ती म्हातारी मरते ते पान वाचताना थांबलीस,” सासूबाई म्हणाल्या. “मध्येच. का गं?”

कंडक्टरबाईंनी खाली बघितलं. “रडू आलं हुतं. ते कापून टाका म्हनलं हुतं मी त्यांना. राहिलं वाटतं.”

“बरं झालं राहिलं,” सासूबाई म्हणाल्या आणि बाकावर सरकून त्यांनी तिला बसायला जागा केली. मग त्या दोघी त्या म्हातारीबद्दल बोलू लागल्या, ती असं का वागली, मुलाला तिनं खरं का नाही सांगितलं. मी तासाभरानं न्यायला येते म्हणून सांगितलं, पण ते दोघींपैकी कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.